विमानाचा आकार लिहिताना : वाचकांचे प्रश्न

विमानाचा आकार माउसने रेखाटण्याऐवजी प्रोग्रॅम लिहून तयार करणारे सॉफ्टवेअर आणि त्यावर आधारलेले वायुगतिकीय इष्टतमीकरण (हवेच्या प्रवाहाच्या दृष्टीने सर्वांत चांगला आकार शोधणे), या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. एकाच शंकेची अनेक पत्रे होती, तेथे त्यांतील नेमके पत्र घेतले आहे.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात थ्री-डी कॅडचे पॅकेज शिकवले जाते. त्यातही मोजमाप बदलले की आकृती आपोआप बदलते. मग पंखासाठी स्क्रिप्ट लिहिण्याचा खटाटोप कशासाठी? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. मोजमापांवर चालणारे कॅड १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहे, त्यामुळे ‘मोजमाप बदलले की आकृती बदलते’ एवढाच स्क्रिप्टचा लाभ असता, तर तो नवा म्हणता आला नसता. फरक पडतो तो कोणत्या राशीला मोजमाप मानायचे येथे. कॅडमध्ये पंख काढताना आपण मुळाशी कॉर्ड (पंखाची पुढून मागेपर्यंतची रुंदी) इतकी, टोकाशी इतकी, पंखविस्तार इतका, असे आकडे देतो. विमानाची संकल्पना मांडणारा अभियंता मात्र पंखाचे क्षेत्रफळ, आस्पेक्ट रेशो (पंखविस्ताराचा वर्ग भागिले क्षेत्रफळ) आणि टेपर (टोकाच्या कॉर्डचे मुळाच्या कॉर्डशी गुणोत्तर) या भाषेत विचार करतो, कारण वजन, वेग आणि ड्रॅग (हवेचा विरोध) यांची गणिते त्याच राशींवर चालतात.

एक उदाहरण प्रत्यक्ष आकड्यांनी पाहू. पंखाचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर, आस्पेक्ट रेशो ९ आणि टेपर ०.५ धरला, तर पंखविस्तार १२ मीटर येतो, मुळाशी कॉर्ड सुमारे १.७८ मीटर आणि टोकाशी ०.८९ मीटर येते. आता लिफ्टमुळे (विमानाला वर उचलणाऱ्या बलामुळे) निर्माण होणारा ड्रॅग कमी व्हावा म्हणून आस्पेक्ट रेशो १२ केला आणि बाकी काही बदलले नाही, तर पंखविस्तार १३.८६ मीटर होतो आणि मुळाशी कॉर्ड १.५४ मीटरवर उतरते. पंखाचा छेद कॉर्डच्या १२ टक्के जाडीचा असेल, तर मुळाशी स्पारला (पंखाच्या आतील लांबीच्या मुख्य तुळईला) मिळणारी उंची सुमारे २१.३ सेंटीमीटरवरून १८.५ सेंटीमीटरवर येते. म्हणजे पंख लांबला, त्याच्या मुळाशी येणारे वाकवणारे बल वाढले आणि ते पेलणारा स्पार मात्र उथळ झाला. एवढ्यावरही हे थांबत नाही. आडव्या शेपटीचे क्षेत्रफळ पंखाच्या सरासरी कॉर्डच्या प्रमाणात ठरवलेले असेल आणि शेपटीचे अंतर तेच राहिले, तर शेपटीही सुमारे १३ टक्क्यांनी लहान होते.

चांगल्या स्क्रिप्टमध्ये हे सर्व संबंध समीकरणांच्या रूपात लिहिलेले असतात. आस्पेक्ट रेशोची एक ओळ बदलली की पंख, स्पार, रिब (पंखाला आतून आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि शेपटी एकमेकांशी सुसंगत राहून नव्याने उभ्या राहतात. कॅडमध्येही समीकरणे घालता येतात, हे मान्य. पण ती निरनिराळ्या खिडक्यांत विखुरलेली असतात, आणि दुसऱ्याची फाइल उघडून ‘ही उंची अशी का आली’ याचा माग काढताना जो वेळ जातो, तो ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. स्क्रिप्ट ही साधी मजकुराची फाइल असते. कालच्या आणि आजच्या फाइलीत कोणती ओळ बदलली, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येते.

दुसरे कारण अधिक तांत्रिक, पण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. एकाच विमानाचे अनेक गणिती अवतार लागतात. प्राथमिक लिफ्ट काढायला पंख म्हणजे जाडी नसलेला पत्रा पुरतो, रचनेच्या गणितासाठी आतील रिब आणि स्पार यांचे पृष्ठभाग लागतात, आणि प्रवाहाच्या तपशीलवार गणितासाठी बाहेरचे कातडे पूर्ण बंद, एकही फट नसलेले असावे लागते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रॉबर्ट हेम्स आणि सिरॅक्यूज विद्यापीठातील जॉन डॅननहॉफर यांनी विकसित केलेल्या ‘इंजिनिअरिंग स्केच पॅड’ या मुक्त सॉफ्टवेअरची रचनाच या गरजेभोवती आहे : एकाच स्क्रिप्टमधून, एकाच मोजमापांच्या संचावरून हे सगळे अवतार बाहेर पडतात. त्यात प्रत्येक पृष्ठभागाला ‘वरचे कातडे’, ‘पुढचा स्पार’ अशी नावे चिकटवून ठेवता येतात. ही सोय किरकोळ वाटेल, पण तशी नाही. पंख धडात थोडा पुढे सरकवला की छेदरेषा बदलतात, नवे तुकडे निर्माण होतात आणि कॅडने पृष्ठभागांना दिलेले क्रमांक उलटसुलट होतात. मग १७ व्या पृष्ठभागावर लावलेला भार दुसरीकडेच जाऊन बसतो. नाव पृष्ठभागाबरोबर प्रवास करत असेल, तर रात्रभर कोणीही न पाहता शेकडो पर्याय चालवता येतात. माणूस समोर बसून एकेक पर्याय दुरुस्त करणार असेल, तर स्क्रिप्टची गरज खरोखरच फारशी नाही.

प्रश्न : आमच्या उमेदीच्या काळात लॉफ्टच्या लांबरुंद फरशीवर पूर्ण मापाच्या रेषा काढून त्यांवरून टेम्प्लेट कापले जात. वजने ठेवून वाकवलेल्या लवचीक पट्टीने जी वळणे येत, ती आता प्रोग्रॅमने येतात, एवढाच बदल झाला का? — विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक वाचक, नाशिक

उत्तर : बदल त्याहून मोठा आहे, परंतु तो संगणकाच्या आधीच सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीत रॉय लायमिंग यांनी पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाच्या बाह्यरेषा शांकवांच्या (लंबवर्तुळ, अन्वस्त यांसारख्या वक्रांच्या) समीकरणांत बसवल्या. पट्टीने काढलेल्या वळणावरील बिंदू मोजावा लागतो. समीकरणाने दिलेल्या वळणावरील बिंदू काढता येतो, तोही टेबलावरच्या गणकयंत्रावर, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या कारागिरांना तो सारखाच मिळतो. भाग अनेक ठिकाणी तयार होऊन एकत्र जोडायचे असतात, तेव्हा या गोष्टीचे मोल काय असते, ते आपल्यासारख्यांना सांगण्याची गरज नाही.

पुढे फ्रान्समध्ये सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी मोटारींच्या पत्र्यांसाठी बहुपदींवर आधारलेली वळणे स्वतंत्रपणे विकसित केली. आजचे बहुतेक सर्व कॅड त्याच घराण्यातील आहे. आपल्या पट्टीचे गणितही यात टिकून आहे, कारण ‘स्प्लाइन’ या नावाने ओळखले जाणारे वळण म्हणजे मूळ त्या लवचीक पट्टीच्या वाकण्याचेच गणित होय.

प्रश्न : मी सूत्रावरून नाका २४१२ हा पंखछेद काढणारा छोटा पायथन प्रोग्रॅम लिहिला. परंतु मागच्या टोकाला वरची आणि खालची रेषा एकमेकींना मिळत नाहीत आणि मेश करणारे (गणितासाठी आकाराचे बारीक तुकडे पाडणारे) सॉफ्टवेअर तक्रार करते. माझे कोठे चुकले? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही, ही फट मूळ सूत्रातच आहे. नासाची पूर्वसंस्था असलेल्या नाकाने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील जाडीच्या सूत्रात पाच सहगुणक आहेत : ०.२९६९, −०.१२६०, −०.३५१६, ०.२८४३ आणि −०.१०१५. मागच्या टोकाशी या सर्वांची बेरीज शून्य यायला हवी, ती ०.००२१ येते. तिला ५ ने आणि १२ टक्के जाडीने गुणून वर-खाली दोन्ही बाजू धरल्या, तर फट कॉर्डच्या सुमारे ०.२५ टक्के निघते. दीड मीटर कॉर्डच्या पंखावर ती पावणेचार मिलिमीटरच्या आसपास भरते. प्रत्यक्ष पंख घडवताना ही जाडी उपयोगीच पडते, कारण शून्य जाडीचे टोक कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. शेवटचा सहगुणक −०.१०३६ केला की टोक बंद होते आणि पंखाच्या पुढच्या भागात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. किंवा फट तशीच ठेवून तेथे एक छोटी उभी रेषा जोडावी आणि मेश करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो बोथट पृष्ठभाग म्हणून सांगावा. घर्षण न धरणाऱ्या साध्या पॅनेल पद्धतीसाठी मी पहिला मार्ग घेईन. तपशीलवार प्रवाहगणितासाठी, आणि पंख खरोखर बनवायचा असल्यास, दुसरा.

आपल्या प्रोग्रॅममध्ये आणखी दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. पहिली, कॉर्डवरील बिंदू समान अंतरावर घेतले असल्यास पुढच्या टोकाजवळचे वळण कोनेदार येते, कारण सूत्रातील वर्गमुळाच्या पदामुळे तेथे उतार अनंताकडे जातो. अर्धवर्तुळावर समान कोनांनी बिंदू घेऊन ते कॉर्डवर उतरवले, म्हणजे दोन्ही टोकांशी बिंदूंची दाटी आपोआप होते. दुसरी, जाडी ही कँबररेषेला (छेदाच्या मधोमध जाणाऱ्या वक्र रेषेला) लंब दिशेने मोजायची असते, सरळ वर-खाली नव्हे. २४१२ मध्ये कँबर अवघा २ टक्के असल्याने हा दोष डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे प्रोग्रॅममध्ये टिकून राहतो. हाच छेद सेसना १७२ या प्रशिक्षण विमानाच्या पंखात वापरला गेला आहे, तेव्हा आपला सरावाचा विषय उत्तम आहे.

प्रश्न : पंखाच्या आकारासाठी शेकडो चल घेऊन इष्टतमीकरण केल्याचे वाचनात येते. एका प्रवाहगणिताला तासन्‌तास लागतात, मग हे शक्य कसे होते? आणि यात भूमितीच्या सॉफ्टवेअरचा संबंध कोठे येतो? — एक सॉफ्टवेअर अभियंता, ठाणे

उत्तर : समजा, एका प्रवाहगणिताला दोन तास लागतात आणि आकाराचे ७२० चल आहेत. प्रत्येक चल थोडा हलवून ड्रॅग किती बदलला हे पाहायचे ठरवले, तर ७२१ गणिते, म्हणजे सुमारे साठ दिवस लागतील, आणि त्यातून मिळेल ती केवळ एका पावलाची दिशा. अशी पावले अनेक टाकायची असतात. या अडचणीवरचा उपाय म्हणजे ॲडजॉइंट पद्धत. प्रवाहाची समीकरणे सोडवून झाल्यावर त्यांच्याशी जोडलेला एक दुसरा, साधारण तेवढ्याच खर्चाचा समीकरणसंच सोडवला की पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू हलवल्यास ड्रॅगवर काय परिणाम होईल, हे एकदम कळते. चल सात असोत की सातशे, खर्च जवळजवळ तोच राहतो. ओलिव्हिए पिरोनो यांनी १९७० च्या दशकात द्रवगतिकीच्या संदर्भात हा विचार मांडला, आणि अँटनी जेम्सन यांनी १९८८ मध्ये तो ध्वनिवेगाच्या आसपास उडणाऱ्या पंखांसाठी वापरण्याजोगा केला.

भूमितीचा संबंध येतो तो यानंतर. ॲडजॉइंट आपल्याला सांगतो की पृष्ठभागावरचा अमुक बिंदू बाहेर आला तर ड्रॅग एवढा वाढेल. आपल्याला हवे असते ते वेगळे : टोकाचा ट्विस्ट (पंखाचा पीळ) एक अंशाने वाढवला तर काय होईल? या दोहोंच्या मधला दुवा, म्हणजे ट्विस्ट बदलल्यावर पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू किती आणि कोणत्या दिशेने सरकतो याचा अवकलज, भूमितीच्या सॉफ्टवेअरनेच द्यावा लागतो. व्यापारी कॅडचा गाभा हा अवकलज सहसा देत नाही. मोजमाप किंचित बदलून दोनदा आकार काढावा आणि वजाबाकी करावी, तर पाऊल मोठे असल्यास उत्तर ढोबळ येते, फार लहान असल्यास दोन जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत सगळे सार्थ अंक गळून जातात, आणि मधल्या मध्ये पृष्ठभागाचे तुकडे वेगळ्या प्रकारे पडले तर कोणता बिंदू कोणाशी पडताळायचा हेच कळेनासे होते.

यातून तीन वाटा निघाल्या. पहिली, भूमितीचा प्रोग्रॅमच अवकलजासह लिहायचा. वर उल्लेखलेल्या इंजिनिअरिंग स्केच पॅडने हा मार्ग धरला आहे. दुसरी वाट गंमतीची आहे : सर्व गणित संमिश्र संख्यांत करायचे, चलाच्या काल्पनिक भागात १० चा ऋण विसावा घात इतके नगण्य पाऊल टाकायचे, आणि उत्तराच्या काल्पनिक भागाला त्या पावलाने भागायचे. यात वजाबाकी नसल्यामुळे अंक गळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. लायनेस आणि मोलर यांच्या १९६७ मधील संशोधनात या युक्तीचे मूळ आहे, आणि १९९८ मध्ये स्क्वायर व ट्रॅप यांनी तिचे अगदी सोपे रूप दाखवून दिल्यावर ती अभियंत्यांत रुळली. मात्र तिच्यासाठी प्रोग्रॅमचा मूळ कोड आपल्या हाती असावा लागतो.

तिसरी वाट संगणकीय चित्रणातून आली. सेडरबर्ग आणि पॅरी यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तयार पंखाभोवती नियंत्रणबिंदूंची एक पेटी कल्पून ती पेटी वाकवली जाते, आणि आतला पंख तिच्याबरोबर वाकतो. अवकलज सोपे, आणि आधीची मेशही त्याच हिशोबाने सरकवता येते. मिशिगन विद्यापीठातील होआकिम मार्टिन्स यांच्या गटाने नासाच्या ‘कॉमन रिसर्च मॉडेल’ या खुल्या नमुना विमानाच्या पंखावर याच मार्गाने काम केले. ७२० आकारचल घेऊन माक ०.८५ (ध्वनिवेगाच्या ०.८५ पट) या वेगाला ड्रॅग ८.५ टक्क्यांनी कमी झाला. हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा आकडा वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की, मूळ धडासाठी घडवलेला पंख येथे सुटा घेतला होता, म्हणजे सुधारणेला वाव आधीच शिल्लक होता.

पेटीच्या पद्धतीची मर्यादा अशी की, पेटीच्या कोपऱ्यातील बिंदूला ‘आस्पेक्ट रेशो’ ठाऊक नसतो. शेवटचा हात फिरवण्यासाठी ती उत्तम आहे. परंतु विमान अजून कागदावर असेल, शेपटी कोठे बसवायची हेही ठरलेले नसेल, तेव्हा मला अर्थपूर्ण चल असलेली स्क्रिप्ट अधिक भरवशाची वाटते.

प्रश्न : स्पर्धेच्या मॉडेल विमानासाठी आम्ही इष्टतमीकरणाचा प्रोग्रॅम चालवला. ड्रॅग कमी झाला, पण छेदाचे मागचे टोक कागदासारखे पातळ झाले आणि वरच्या पृष्ठभागावर उंचवटे आले. सॉफ्टवेअर सदोष आहे का? — विद्यार्थ्यांचा एक गट, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सॉफ्टवेअरने आपली आज्ञा शब्दशः पाळली आहे. किमान जाडीची अट घातली नव्हती, म्हणून जाडी गेली. एकाच कोनाला आणि एकाच वेगाला ड्रॅग कमी करण्यास सांगितले, म्हणून त्या एकाच अवस्थेत प्रवाह नेमका जेथे अशांत होऊ लागतो, तेथे उंचवटा काढून ती क्रिया थोडी पुढे ढकलली गेली. एक्सफॉइल या प्रसिद्ध प्रोग्रॅमचे कर्ते मार्क ड्रेला यांनी १९९८ मध्ये नेमका हाच प्रकार उदाहरणांसह दाखवला होता : जितक्या अवस्था द्याव्यात, तितक्याच ठिकाणी ड्रॅगच्या आलेखात खळगे पडतात आणि त्यांच्या मधल्या अवस्थांत छेद मूळच्यापेक्षा वाईट वागू शकतो, चल वाढवले की अवस्थांची संख्याही वाढवावी लागते. विमान उड्डाणात एकाच कोनावर स्थिर राहत नाही. म्हणून लिफ्टच्या निदान चार-पाच मूल्यांवर भारित सरासरी घ्यावी, स्पारच्या जागी आणि मागच्या टोकाजवळ किमान जाडी बांधून द्यावी, आणि नाक खाली ओढणाऱ्या आघूर्णावर मर्यादा घालावी. नाहीतर पंखाने वाचवलेला ड्रॅग शेपटी खर्च करून टाकेल.

उंचवट्यांचा दोष अंशतः आपल्या चलांच्या निवडीकडेही जातो. प्रत्येक बिंदूची उंची हा स्वतंत्र चल घेतला असेल, तर खडबडीत आकार निघण्याला कोणतीच आडकाठी नसते. बोइंगमधील ब्रेंडा कुलफन यांची पद्धत अशा वेळी उपयोगी पडते. तिच्यात पृष्ठभागाची उंची दोन अवयवांच्या गुणाकाराने येते : पहिला अवयव गोल नाक आणि निमुळते टोक यांची हमी देतो, आणि दुसरा, बर्नस्टाइन बहुपदींची बेरीज असलेला अवयव, मधला आकार घडवतो. प्रत्येक बाजूला चार ते सहा सहगुणक घेतले तरी बहुतेक रूढ छेद चांगले जुळतात, आणि पहिला सहगुणक थेट नाकाच्या त्रिज्येशी जोडलेला असल्याने त्याच्यावर अट घालणेही सोपे जाते.

याची उलट बाजूही सांगायला हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. चल फार कमी आणि फार सभ्य घेतले, तर प्रोग्रॅम चांगला आकार शोधूच शकत नाही. नाका या संस्थेच्या चार अंकी छेदांच्या कुटुंबात आकार तीनच राशींनी ठरतो, कँबर, त्याची जागा आणि जाडी; त्यात कमाल जाडी नेहमी कॉर्डच्या ३० टक्क्यांवरच असते. त्या तीन राशींवर कितीही संगणककाळ खर्च केला, तरी रिचर्ड व्हिटकम्ब यांच्या सुपरक्रिटिकल छेदासारखा, वरून सपाट आणि मागे वळलेला आकार त्यातून कधीही निघणार नाही, आणि प्रोग्रॅम मात्र ‘इष्टतम उत्तर सापडले’ असा संदेश देऊन मोकळा होईल. तो संदेश खराच असतो; तो आपण आखून दिलेल्या कुंपणापुरता असतो. म्हणून एखादा इष्टतम आकार पाहताना मी ड्रॅगच्या आकड्याआधी चलांची यादी आणि अटींची यादी मागतो.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर, पैसे न मोजता सुरुवात करायची असेल तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? — एक हौशी वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : ‘ओपनव्हीएसपी’पासून सुरुवात करावी. नासामध्ये १९९० च्या दशकापासून वापरात असलेले हे साधन २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पंख, धड, इंजिनाचे आवरण असे विमानाचेच घटक त्यात तयार मिळतात, माउसने काम करता येते आणि नंतर तेच मॉडेल पायथनमधून चालवता येते, त्यामुळे प्रोग्रॅमिंगची भीती हळूहळू जाते. त्याच्यासोबत येणारी प्रवाहगणिताची सोय लहान कोनांत लिफ्ट आणि स्थिरता यांचे चांगले अंदाज देते; स्टॉलचा (कोन फार वाढल्यावर लिफ्ट कोसळण्याचा) अंदाज मात्र तिच्याकडून घेऊ नये. पायथन आधीच येत असेल तर पीटर शार्प यांचे ‘एअरोसँडबॉक्स’ पाहावे, त्यात अवकलज आपोआप निघत असल्याने मागील दोन उत्तरांतील बरेचसे मुद्दे स्वतः करून पाहता येतील. इंजिनिअरिंग स्केच पॅडही विनामूल्य आहे, पण त्याची स्वतःची स्क्रिप्टची भाषा शिकावी लागते. ते तिसऱ्या पायरीवर ठेवावे. पहिला सराव म्हणून वर दिलेला १६ चौरस मीटरचा पंख उभारून, आस्पेक्ट रेशो ९ वरून १२ केल्यावर मुळाशी जाडी १८.५ सेंटीमीटर येते का, ते पडताळावे.